स्विमिंग पूलचं लायनर फाटलंय, घरच्या घरी ठिगळ लावता येईल का? (नागपूर)

फेटरीकर, ७ एप्रिल
मंडळी, काटोल रोडला फेटरीच्या पुढे आमचं एक फार्महाऊस आहे. फार्महाऊस म्हणजे दोन खोल्या, एक बोअर, चार आंबे आणि सासरेबुवांची हौस. त्या हौसेपायी आठ वर्षांपूर्वी २४ बाय १२ फुटांचा पूल करून घेतला. टाइल्सचा नाही. वीटकामाच्या भिंती, तळाला वाळू-सिमेंटचा थर आणि त्यावर निळं व्हायनल लायनर, म्हणजे पाणी धरून ठेवणारं प्लास्टिकचं अस्तर. पाणी साधारण ४ फूट असतं.

होळीनंतर पाणी उतरायला लागलं. आधी वाटलं, ऊन आहे, उडत असेल. पण आता दिवसाला दोन इंच जातंय. बसवून देणारे फोन उचलत नाहीत. दुसऱ्या एकाला बोलावलं तर त्यानं काठावर उभं राहूनच "पूर्ण लायनर बदला" असं सांगितलं आणि जो आकडा लिहून दिला तो पाहून सासरेबुवा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

१ मे पासून भाचरं सुट्टीला येतायत. इथं कुणी स्वतः लायनर दुरुस्त केलंय का? सगळं पाणी काढावं लागतं का?

तर्री_जास्त, ७ एप्रिल
भाचरायले सांगा, यंदा पूल नाई, कूलरच्या टपात बसा. आम्ही तसेच मोठे झालो बाप्पा.

कूलरसम्राट, ७ एप्रिल
टपावरून आठवलं. आमच्याकडे पत्र्याच्या कूलरचा टप दर मार्चमध्ये गळतो. गंज घासायचा, डांबर गरम करून ओतायचं, की सीझन निघतो. तुम्हीही डांबर लावून पाहा.

अबोली, ७ एप्रिल
कूलरसम्राट, गरम डांबर व्हायनलवर ओतलं तर पूलच राहणार नाही हो. :))

फेटरीकर, मी बेस्याच्या एका सोसायटीत पूल कमिटीवर आहे (कुणीच तयार नव्हतं म्हणून). दोन गोष्टी आधी सांगते.

पहिली म्हणजे पाणी अजिबात काढू नका. लायनर पाण्याच्या वजनानं भिंतीला आणि तळाला चिकटून बसलेलं असतं. आठ वर्षांचं जुनं लायनर नागपूरच्या एप्रिलच्या उन्हात रिकामं ठेवलं की आखडतं, कडक होतं आणि परत भरताना कोपऱ्यात नाहीतर शिवणीवर फाटतं. एका भोकाची तीन करून घ्याल. ठिगळ पाण्याखालीच लावायचं असतं, त्यासाठी वेगळा गोंद मिळतो.

दुसरी म्हणजे ते दोन इंच खरोखर गळतीचे आहेत का ते बघा. बादली घ्या, पूलच्याच पाण्यानं भरा आणि पायरीवर अशी ठेवा की बादलीतली आणि बाहेरची पातळी सारखी राहील. तळाला दगड ठेवा, नाहीतर तरंगेल. आत-बाहेर पेन्सिलीनं खूण करा, पंप बंद ठेवा आणि २४ तास कुणाला पोहू देऊ नका. बादलीतलं उतरेल ते उन्हानं नेलेलं, पूलचं त्याहून जास्त उतरेल ते गळतीचं.

पुणेरी_पाटी, ८ एप्रिल
नागपुरात उन्हानं दोन इंच गेलं तरी मला नवल वाटणार नाही. तुमच्याकडे ५६ डिग्री झालं होतं ना मध्ये?

तर्री_जास्त, ८ एप्रिल
ते २०२४ च्या मे मधलं सेन्सरचं नाटक होतं भाऊ. स्वयंचलित केंद्राचं यंत्र बिघडलं म्हणून हवामान खात्यानंच सांगितलं. आमचा खरा रेकॉर्ड २३ मे २०१३ चा, ४७.९. तेवढा पुरे आहे, उगा वाढवून नका देऊ.

घागर, ८ एप्रिल
कुणाला राग येईल, पण बोलते. उन्हाळ्यात शहराच्या कडेच्या वस्त्यांत टँकरची वाट बघत बायका ड्रम घेऊन उभ्या असतात आणि इथं पूल गळतोय म्हणून चर्चा. बोअरचं पाणी म्हणजे काही आपल्या घरचं नसतं.

फेटरीकर, ८ एप्रिल
घागर, राग नाही. म्हणूनच तर गळती थांबवायची आहे. आठ वर्षांत पूल पूर्ण रिकामा एकदाही केला नाही, पाणी गाळून तेच वापरतो. पण दिवसाला किती जातंय याचा हिशेब मी केला नव्हता हे खरं.

अबोली, बादली लावली आहे.

हिंगणा_एमआयडीसी, ८ एप्रिल
हिशेब मी करून देतो. २४ गुणिले १२ म्हणजे २८८ चौरस फूट, म्हणजे पावणेसत्तावीस चौरस मीटर. एक सेंटीमीटर पाणी उतरलं की सुमारे २६७ लिटर गेलं. दोन इंच म्हणजे रोज १३०० लिटरच्या वर. मोठं भोक शोधत बसू नका. चार फुटांच्या दाबाखाली, खालच्या थरातून पाणी मोकळं निघून जात असेल तर दोन-अडीच मिलीमीटरचं एक भोक दिवसाला हजार लिटर सहज सोडतं. ज्वारीच्या दाण्यापेक्षाही लहान.

फेटरीकर, ९ एप्रिल
निकाल: बादली १ सेंटीमीटर, पूल ५ सेंटीमीटर. म्हणजे ४ सेंटीमीटर गळती. पंप बंद असतानाही पाणी जातंय.

अबोली, ९ एप्रिल
पंप बंद असतानाही तेवढंच जात असेल तर पाइपच्या दाबाच्या बाजूवर (पंपातून पूलकडे परत येणाऱ्या पाइपवर) संशय कमी. आता पाणी भरू नका, कुठे थांबतं ते बघा. स्किमरच्या (वरचा तरंगता कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या खाचेच्या) तोंडाशी थांबलं तर स्किमर, दिव्याच्या कडेशी थांबलं तर दिव्याची रिंग. त्याच्याही खाली गेलं तर तळ. पण फुटभराच्या वर उतरू देऊ नका, लायनर सैल पडतं.

नेमकी जागा शोधायला रंग. सुई काढलेल्या सिरिंजमध्ये खायचा लाल रंग घ्या, पाणी पूर्ण शांत झालं की संशयित जागेजवळ हळूच एक थेंब सोडा. भोक असेल तर रंगाचा धागा त्यात ओढला जातो. नसेल तर तिथेच ढगासारखा पसरतो.

तर्री_जास्त, ९ एप्रिल
आमच्या एका मित्राने याच कामासाठी होळीचा उरलेला रंग वापरला. भोक सापडलं नाई, पण पंधरा दिवस पूलमधून जो निघे तो गुलाबी निघे.

निवृत्त_मास्तर, ९ एप्रिल
पोटॅशियम परमँगनेट तर मुळीच वापरू नये. विहिरीत टाकतात म्हणून अनेकांना ते निरुपद्रवी वाटते. त्यातून मँगनीजचे तपकिरी डाग लायनरवर बसतात आणि निघत नाहीत.

काटोलचा_संत्रा, ९ एप्रिल
आमच्या संत्र्याच्या बागेत शेततळं आहे, ५०० मायक्रॉनची फिल्म. दोन वर्षांआधी रानडुकरानं काठावरून फाडली. मी सगळे गोंद लावून पाह्यले. सायकल पंक्चरचं सोल्युशन, पाइपचं सोल्युशन, ते दोन पुड्यांचं लांबीसारखं. एकही टिकलं नाई, सकाळी पापडासारखं हातात. शेवटी मशीनवाला आला, गरम हवेनं वितळवून जोडून गेला, ते आजवर आहे. फेटरीकर भाऊ, तुम्ही पण मशीनवालाच बोलवा.

निवृत्त_मास्तर, ९ एप्रिल
संत्रासाहेब, तुमचा अनुभव खरा आहे, पण दोन प्लास्टिके वेगळी आहेत. शेततळ्याची फिल्म पॉलिथिलीनची असते. तिला सहसा कोणताच गोंद धरत नाही, उष्णतेनेच जोडावी लागते. पूलचे व्हायनल म्हणजे मऊ केलेले पीव्हीसी. त्याचा गोंद वरचा थर किंचित विरघळवतो आणि दोन तुकडे एकजीव होतात.

आपले कोणते हे ओळखणे सोपे आहे. उरलेला कपटा साबणाच्या पाण्यात बुडवून हवेचे बुडबुडे झटका आणि पेल्यातल्या पाण्यात सोडा. पॉलिथिलीन तरंगते, पीव्हीसी बुडते. आणखी खात्री हवी असेल तर तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवून कपट्याला टेकवा आणि पुन्हा ज्योतीत धरा. हिरवी ज्योत दिसली तर त्यात क्लोरीन आहे. हे उघड्यावर करावे, धूर नाकात घेऊ नये. वर्गात मी हे करून दाखवत असे तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही पुढे येत.

फेटरीकर, १० एप्रिल
पंपरूममध्ये लायनरची गुंडाळी सापडली, कपटा बुडाला. हिरवी ज्योतही आली. सासरेबुवांनी सहा वेळा करायला लावलं, शेवटी सासूबाईंनी तार काढून घेतली.

आणि रंगाचा धागा ओढला गेला! पायरीपासून साधारण चार फुटांवर, तळाला. शाबास अबोली.

अबोली, १० एप्रिल
आता ठिगळ. तुमच्याकडे उरलेलं तेच लायनर आहे हे फार चांगलं झालं.

भोकाच्या चहूबाजूंनी दोन-तीन इंच जास्त येईल एवढा तुकडा कापा. गोल कापा, चौकोनी कापला तर कोपरा पहिल्यांदा उचकटतो. भोकाभोवतीचं शेवाळ आणि चिकट थर आधी कापडानं नीट पुसून घ्या, गोंद जास्त करून तिथेच दगा देतो. पाण्याखाली लावायचा व्हायनलचा गोंद तुकड्याच्या मागच्या बाजूला लावायचा आणि पुरणपोळीसारखी घडी घालायची, गोंद आत. तशीच घडी घेऊन खाली जायचं, भोकावर उलगडायची, मधून कडेकडे दाबत पाणी आणि हवा बाहेर काढायची. वर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली वाळूची पिशवी २४ तास.

सकाळी लवकर करा. दुपारी गोंद हातातच घट्ट होतो.

चिमणी७८, १० एप्रिल
पाण्यात उतरण्याआधी पंपाचा आणि पाण्यातल्या दिव्याचा एमसीबी खाली करा, नुसतं बटण नको. आणि एकट्यानं नको, काठावर कुणीतरी हवं. गोंदाचा डबा पंपरूममध्ये उघडू नका, वास डोक्यात जातो आणि तो पेट घेतो. माझे मिस्टर असंच एकदा "काही होत नाही" म्हणाले होते. सांगायची गोष्ट नाही ती.

कूलरसम्राट, १० एप्रिल
सांगा ना.

चिमणी७८, १० एप्रिल
भुवया आल्या परत. बस.

हिंगणा_एमआयडीसी, १० एप्रिल
पाइपचं सोल्युशन चालत नाही असं वर म्हटलंय. मी कोरड्या जागी, पाण्याच्या वरच्या पट्टीत, ते लावलं आहे आणि टिकलं.

अबोली, १० एप्रिल
किती दिवस?

हिंगणा_एमआयडीसी, १० एप्रिल
एक उन्हाळा. मग कडक होऊन कडेनं तडकलं. ठीक आहे, मागे घेतो.

फेटरीकर, १२ एप्रिल
लावलं! शाळकरी पोरांची गॉगल घालून, मेव्हण्याला काठावर बसवून. पहिली पुरणपोळी खाली जाताना उलटी उघडली आणि माझ्या दंडाला चिकटली, ती केसांसकट निघाली. दुसरी नीट बसली. पिशवी ठेवली आहे.

तर्री_जास्त, १२ एप्रिल
दंड वॉटरप्रूफ झाला, अभिनंदन.

फेटरीकर, १६ एप्रिल
वाईट बातमी. तीन दिवस पाणी टिकलं, आता परत दीड सेंटीमीटरनं जास्त उतरतंय. ठिगळ घट्ट आहे, रंग टाकून पाहिला. पण त्याच्या फुटभर पलीकडे नवं भोक आहे. आणि हातानं चाचपलं तर आणखी एका जागी लायनर फोडासारखं वर आलंय. त्या काठावर उभं राहून आकडा देणाऱ्याचंच खरं का? जुनं झालं म्हणून जाळी होतेय का?

हिंगणा_एमआयडीसी, १६ एप्रिल
आठ वर्षं, क्लोरीन आणि वरून आपलं ऊन. मऊपणा देणारं रसायन हळूहळू निघून जातं, प्लास्टिक ठिसूळ होतं. मला तर सगळंच बदलण्याची वेळ दिसते. शिवाय फेटरीकडे काळी माती असेल तर उन्हाळ्यात ती भेगाळते, तळ हलतो.

निवृत्त_मास्तर, १६ एप्रिल
ठिसूळ झालेले लायनर बहुधा पाण्याच्या रेषेच्या वर, उन्हाच्या पट्टीत आधी तडकते. तळाला एका ठिकाणी ओळीने भोके पडणे मला चमत्कारिक वाटते. क्लोरीनच्या गोळ्या तळाला पडतात का? तसे असेल तर तिथला रंग उडालेला दिसेल.

फेटरीकर, १६ एप्रिल
नाही, गोळ्या तरंगत्या डब्यात असतात. रंग तसाच निळा आहे.

काटोलचा_संत्रा, १६ एप्रिल
भाऊ एक विचारतो. भोकाची कड कोणीकडे वळली? बोट फिरवून पाहा. वरून काही टोचलं असेल तर कड खाली जाते. तुम्ही फोड म्हणून रायले, म्हणजे खालून कोणी ढकलून रायलं.

पूलच्या बाजूला लॉन हाये का? लॉनात मोथा हाये का?

पुणेरी_पाटी, १६ एप्रिल
मोथा म्हणजे?

काटोलचा_संत्रा, १६ एप्रिल
नागरमोथा. गवतासारखाच दिसते, पण दांडी बोटात फिरवली तर तीन धारा लागते. खाली गाठी असते, एकीला एक जोडून. वरून उपटला तर गाठ खालीच, आठ दिवसांत परत हजर. टरबुजाले मल्चिंग पेपर, म्हणजे जमिनीवर अंथरायचं पातळ प्लास्टिक, टाकतो ना आम्ही, बाकी तण त्याखाली मरते. हा एकटा सुईसारखं टोक काढून पेपर फोडून वर येते.

हिंगणा_एमआयडीसी, १६ एप्रिल
हे नाही पटत. मल्चिंग पेपर २५-३० मायक्रॉनचा. पूलचं लायनर अर्धा ते पाऊण मिलीमीटर, म्हणजे ५०० ते ७५० मायक्रॉन. वीसपट जाड. वर चार फूट पाणी. गवताचा कोंब ते फोडेल?

काटोलचा_संत्रा, १६ एप्रिल
रस्त्याच्या कडेचं डांबर फोडून येते साहेब हा. आमच्या खळ्याच्या बाजूला चला, दाखवतो. आणि त्याला उजेड लागत नाई सुरुवातीला, गाठीतलं खाऊनच वर चढते. खाली वाळू, वरून गळतीचं पाणी रोज मिळून रायलं, वर उन्हाळ्याची ऊब. अजून काय पाह्यजे त्याले?

निवृत्त_मास्तर, १६ एप्रिल
टोकावरचा दाब क्षेत्रफळावर अवलंबून असतो. कोंबाचे टोक सुईइतके बारीक असेल तर जोर थोडा असूनही दाब मोठा होतो. मला संत्रासाहेबांचे म्हणणे शक्य वाटते. पाहिल्याशिवाय मात्र काहीच ठरवू नये.

फेटरीकर, १८ एप्रिल
बसा सगळे खाली.

सकाळी उतरलो. नव्या भोकाची कड वर वळलेली. बोटाला बारीक ओठासारखी लागते. मग फोडाकडे गेलो. हरभऱ्याच्या दाण्याएवढा उंचवटा, मधोमध टोकदार, बोटानं दाबला की परत वर येतो. गॉगलमधून नीट पाहिलं तर निळ्याचा रंग टोकाशी पांढुरका ताणलेला आणि त्याच्या अगदी शेंड्यावर, गव्हाच्या कुसाएवढं, फिकट पिवळं काहीतरी बाहेर आलेलं.

सासूबाईंचा भुवयांचा चिमटा नेला आणि हळूच ओढलं. दोन इंच कोंब बाहेर आला. पांढरा, टोकाला पिवळा, टणक, सुईसारखा. तोडल्यावर वास घेतला तर उटण्याचा.

काठावर आणून लॉनमधला एक उपटून शेजारी ठेवला. दांडी तीन धारांची. सासरेबुवा म्हणाले, ही लॉनची माती दोन वर्षांपूर्वी शेतातून आणली होती. म्हणजे त्यांनीच आणली.

अबोली, १८ एप्रिल
नागरमोथा घरोघरी उटण्यात घालतात. तुमच्याकडे तो स्वतःच आंघोळीला आलाय.

तर्री_जास्त, १८ एप्रिल
धागा संपला. यावर काही नाई बोलता येत.

हिंगणा_एमआयडीसी, १८ एप्रिल
संत्राभाऊ, खळं दाखवायला कधी बोलावताय? डब्यात पाटवडी मी आणतो.

काटोलचा_संत्रा, १८ एप्रिल
हुरडा गेला आता, संत्रा बी गेला. पण या. आंबा हाये.

फेटरीकर भाऊ, आता ऐका. नुसतं ठिगळ लावून हा थांबत नाई. लॉनाकडून येऊन रायला, तर पूलच्या काठानं फुटभर रुंद नाली खणा, दीड फूट खोल. जेवढ्या गाठी निघतील तेवढ्या हातानं वेचा, ट्रॅक्टरनं किंवा फावड्यानं तोडू नका, एका गाठीच्या चार होते. वेचलेल्या उन्हात वाळू द्या, खतात टाकू नका. नालीत जाड पत्रा नाईतर जाड फिल्म उभी लावा. आणि लॉनाले पाणी कमी द्या जरा. तळाखाली ज्या आहे त्या मात्र कोंब काढतच राहतील, गाठीतलं संपेपर्यंत. तेवढी ठिगळं लागतील.

निवृत्त_मास्तर, १८ एप्रिल
तणनाशकाचा मोह होईल. लायनरखाली ते पोहोचवता येणार नाही आणि पूलच्या पाण्यात ते जाऊ देऊ नये.

अबोली, १८ एप्रिल
कोंब नुसता दाबून वर ठिगळ लावू नका, ते पण फोडेल. चिमट्यानं जेवढा निघेल तेवढा ओढून काढा, मगच पुरणपोळी. आणि कधी ना कधी लायनर बदलाल तेव्हा तळाची वाळू उकरून गाठी काढल्याशिवाय नवं टाकू नका. तो आकडा देणारा हे करणार नव्हता, नवं लायनर त्याच गाठींवर पसरलं असतं.

घागर, २० एप्रिल
फेटरीकर, पाणी थांबलं का?

फेटरीकर, २६ एप्रिल
घागर, हो. आजची बादली: आत १.१, बाहेर १.२ सेंटीमीटर. एकूण ठिगळं पाच. नाली खणून झाली, त्यात घमेलंभर गाठी निघाल्या. सासरेबुवा सकाळ-संध्याकाळ खुर्ची टाकून बसतात आणि लॉनमधला एकेक मोथा गाठीसकट काढतात. त्यांचा आकडा ते डायरीत लिहितात. काल २१३.

भाचरांना सांगितलंय की तळाला टोचलं तर ओरडायचं नाही, जागा लक्षात ठेवून मामाला सांगायचं.

कूलरसम्राट, २६ एप्रिल
छान झालं. या निमित्तानं विचारतो, माझ्या गच्चीवर पोरांचा फुगवायचा टब आहे, तो खालून बारीक गळतोय. गच्चीवर मोथा येतो का?

तर्री_जास्त, २६ एप्रिल
कपटा पेल्यात टाकून पाहा आणि वेगळा धागा काढा बे.